आजीच्या वयाचा हिशेब

संयोजकांनी पत्रिकेवर विषय छापलाय, ‘घरातल्या वडीलधाऱ्यांच्या आठवणी कशा नोंदवाव्यात’. त्यावर मी येणारच आहे. त्याआधी जरा हात वर करा, कागदोपत्री वाढदिवस एक जूनला कोणाकोणाचा? वा! आपल्या ठाण्यातला निम्मा नौपाडा एकाच दिवशी जन्मलाय. शाळा जूनमध्ये उघडायची, पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागला की गुरुजी पटावर नाव घालायचे आणि जन्मतारीख म्हणून एक जून ठोकून द्यायचे. तुम्ही हसताय, पण तुम्ही नशीबवान. माझी आजी शाळेची पायरीच चढली नाही, त्यामुळे तिला एक जूनसुद्धा मिळाला नाही.

आजी गेल्या वर्षी गेली. चेंदणीतल्या चाळीत तिचा संसार झाला. मुलं, सुना, नातवंडं, भाडेकरूंची पोरं, सगळ्यांवर तिचं राज्य होतं. तिचं खरं वय किती, यावर तेराव्याच्या पंगतीतसुद्धा वाद झाला. आत्या म्हणे पंच्याण्णव, काका म्हणे छे, नव्वदीसुद्धा पूर्ण नव्हती. हे काका एक जूनवाले, त्यामुळे त्यांच्या बोलण्याला वजन फार!

आता माझं जुनं दुखणं ऐका. आजोबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, आजीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचं. सहाव्या वेतन आयोगानंतर नियम आला: ऐंशी पूर्ण झाली की मूळ निवृत्तिवेतनावर 20 टक्के जास्त, पंच्याऐंशीला 30, नव्वदीला 40, पंच्याण्णवला 50 आणि शंभरीला चक्क दुप्पट. सरकारचा हा उदारपणा मला मनापासून आवडतो. फक्त ऐंशी झाली हे सिद्ध करायला हवं.

2010च्या सुमारास मी आजीला रिक्षात घालून एका कचेरीत गेलो. कचेरीचं नाव सांगत नाही, तिथल्या खुर्च्या अजून स्वप्नात येतात. जन्मदाखला नाही, शाळेचा दाखला नाही. होतं फक्त मतदार ओळखपत्र. त्यावर छापलेलं, ‘1.1.1995 रोजी वय 58’. हे अठ्ठावन्न कुठून आलं? यादीवाला आला तेव्हा आजी पापड लाटत होती. त्याने तोंडाकडे बघितलं आणि लिहिलं. आजीनेही दुरुस्त केलं नाही. वय कमी लागलेलं कोण दुरुस्त करतं?

म्हणजे कार्डाप्रमाणे तिचा जन्म 1936चा. मी थोरल्या काकांचा शाळा सोडल्याचा दाखला पुढे केला, 1 जून 1948. म्हटलं, साहेब, तुमच्या हिशेबाने माझ्या आजीला अकराव्या-बाराव्या वर्षी मुलगा झाला. त्यांनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, “ते आमच्या अखत्यारीत येत नाही.” आजी बाकड्यावरून मोठ्याने म्हणाली, “अरे, त्यांना विचार, त्यांच्या आईचा वाढदिवस कधी असतो!” कचेरीतले चौघेजण हसले. पाचवा आमचा साहेब होता.

वीस टक्के अडकले ते अडकलेच. पुढे निवृत्तिवेतन चालू ठेवायला ‘जीवन प्रमाण’ आलं. अंगठा लावा आणि जिवंत असल्याचं सिद्ध करा. आजन्म लाटणं आणि पाटा-वरवंटा चालवलेल्या बाईच्या अंगठ्यावर रेषा उरतात कुठे? यंत्र म्हणे, पुन्हा लावा. म्हणजे वय कमी, वर जिवंत असण्याबद्दलही शंका.

असो. अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. चिडून मी वही घेऊन आजीसमोर बसलो आणि तिथे मला या विषयाची गोडी लागली. “आजी, तुझं लग्न कुठल्या साली झालं?” यावर उत्तर, “मला काय ठाऊक, तुझ्या आजोबांना विचार.” आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली. मग प्रश्न बदलला. स्वातंत्र्य मिळालं तेव्हा कुठे होतीस? ती ताबडतोब म्हणाली, “माहेरी, धोंड्याला. लग्नानंतरचा पहिलाच. जावयाला चांदीचं निरांजन दिलं आणि बाहेर मिरवणूक.” मी पंचांग काढलं. 1947चा ऑगस्ट अर्धा अधिक श्रावणातच होता! अधिक महिना साधारण बत्तीस-तेहेतीस महिन्यांनी येतो, त्यामुळे लग्न फार तर त्याआधीच्या अडीच-तीन वर्षांतलं. आणि गोदीतला स्फोट? तो 14 एप्रिल 1944चा. “मामाकडे भायखळ्याला होते. तावदानं खळाखळा फुटली. साडी नुकती नेसायला लागले होते, निऱ्या हातात धरून जिना उतरले.” नुकती साडी म्हणजे तेरा-चौदा. जन्म 1930च्या आगेमागे. कचेरीतल्या कागदापेक्षा या निऱ्यांवर माझा जास्त विश्वास आहे.

शारदा कायद्याने तेव्हा मुलीच्या लग्नाची वयोमर्यादा चौदा होती, त्यामुळे वय वाढवून सांगणारे बापही होते, हे लक्षात ठेवा. लग्नात वय वाढतं, यादीत कमी होतं.

आता पाचच मिनिटं आहेत म्हणे, त्यामुळे मूळ विषय धावतपळत. साल विचारू नका, घटना विचारा. जनगणनेच्या प्रगणकांनासुद्धा वय ठरवायला स्थानिक घटनांची यादी देत असत, नाहीतर लोक सरळ साठ, पासष्ट, सत्तर सांगतात. कोयनेचा भूकंप, 11 डिसेंबर 1967च्या पहाटेचा. 1972च्या दुष्काळातली मिलो, म्हणजे ती परदेशी तांबडी ज्वारी. 16 फेब्रुवारी 1980चं ग्रहण, मुंबईचे रस्ते ओस पाडणारं. ठाण्याची महानगरपालिका झाली ते 1982. घटनेला लागून लगेच विचारा, तेव्हा मांडीवर कोण होतं? आमची धाकटी आत्या कोयनेच्या वेळी पाळण्यात होती, हे आजीला फडताळातून पडलेल्या पातेल्यासकट आठवत होतं. “तेव्हा तुला काय वाटलं?” हा प्रश्न शेवटी ठेवा, आधी विचारलात तर “काय वाटायचंय!” एवढंच मिळेल.

फोनवर आवाज मुद्रित करा, पण फोन उताणा ठेवा आणि मधे बोलू नका. माझ्या मुद्रणात निम्मा वेळ मीच बोलतोय. फोटोंच्या मागे नावं लिहा, मऊ शिसपेन्सिलीने, बॉलपेनने लिहिलं तर पुढे वळ उमटतो. सुनांची माहेरची नावंही लिहा, ती सगळ्यांत आधी पुसली जातात. उरलेलं चहाच्या वेळी. एक जूनवाल्यांनी मला जरूर भेटावं, खरी तारीख काढून देतो, फी घेत नाही.