जॉर्ज विटेट : सरकारी नोकरीतला वास्तुविशारद

[दृश्य : फोर्ट परिसर, सकाळची वर्दळ]

१९०४ साली स्कॉटलंडचा एक तरुण मुंबईत उतरला. वय पंचविशीचं, नाव जॉर्ज विटेट. सरकारी वास्तुविशारद जॉन बेग यांच्या हाताखाली तो रुजू झाला. बेग तेव्हा जीपीओसाठी, म्हणजे मुंबईच्या मुख्य टपाल कार्यालयासाठी, विजापूरची आदिलशाही शैली हाताळत होते. विटेटच्या मनात ती कायमची घर करून बसली.

१९०९ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या आराखड्यासाठी स्पर्धा झाली आणि विटेट यांची निवड झाली. आजचं हे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. घुमट गोलघुमटावरून घेतलेला, दगड मात्र मुंबईच्याच आसपासचा : कुर्ल्याचा करडा आणि मालाडचा पिवळसर.

[दृश्य : संग्रहालयाचं मधलं दालन, कॅमेरा लाकडी खांबांवरून वर सरकतो]

आता आत या. हे कोरीव लाकडी खांब आणि कमानी नाशिकच्या एका वाड्यातल्या. विटेट यांनी त्या विकत घेतल्या आणि थेट घुमटाखाली बसवल्या. विजापूरचा घुमट आणि त्याच्या पोटात मराठी वाड्याचं लाकूडकाम! दुसऱ्या कुणाच्या हातून याचं कडबोळं झालं असतं. इथे दोन्ही एकमेकांना शोभतात, आणि विटेट यांची खरी ताकद मला इथेच दिसते.

इमारत १९१४ मध्ये उभी राहिली, पण महायुद्ध सुरू झालं आणि तिथे लष्करी रुग्णालय आलं. संग्रहालय म्हणून ती लोकांसाठी उघडली थेट १९२२ साली. सरकारी कामाचं हे असंच. नकाशा आपला, वेळापत्रक दुसऱ्याचं.

[दृश्य : गेटवे ऑफ इंडिया, समुद्राच्या बाजूने]

गेटवेचंही तेच. १९११ मध्ये राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी आले, तेव्हा त्यांना दिसली ती पुठ्ठ्याची प्रतिकृती. पायाभरणी १९१३ची, विटेट यांचा आराखडा मंजूर झाला १९१४ मध्ये, उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ला. कमानीकडे सरळ जाणारा रुंद रस्ताही योजनेत होता. पैसे संपले, रस्ता राहिला. म्हणून आजही आपण गेटवेपाशी तिरके पोहोचतो.

मधल्या काळात विटेट यांनी बॅलार्ड इस्टेटची आखणी केली, रस्त्याच्या वळणाबरोबर वळत जाणारी इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सची इमारत उभी केली. १९१७ मध्ये मुंबईतल्या वास्तुविशारदांच्या संघटनेचे ते अध्यक्ष झाले. तीच पुढे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. १९१९ मध्ये सरकारी नोकरी सोडून ते टाटांच्या कंपनीत गेले.

१९२६ मध्ये मुंबईतच त्यांचं निधन झालं. पन्नाशीही गाठली नव्हती. शिवडीच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे.

[दृश्य : परळ, रुग्णालयाचं प्रवेशद्वार]

धोबी तलावच्या त्यांच्या इमारतीत लघुवाद न्यायालय आजही भरतं, भाडेकरू आणि घरमालकांचे दावे तिथेच चालतात. आणि परळचं केईएमही त्यांचंच. केसपेपरच्या रांगेत तिथे रोज सकाळी अख्खा महाराष्ट्र उभा असतो.