क्लिपानचं चर्च: एकही वीट न तोडता

स्वीडनच्या दक्षिणेला, स्कोने प्रांतात, क्लिपान नावाचं छोटं गाव आहे. तिथलं हे लुथरन पंथाचं सेंट पीटर्स चर्च. बांधून पूर्ण झालं १९६६ साली. आकाशात घुसणारा मनोरा नाही, रंगीत काचा नाहीत. समोर दिसतात त्या नुसत्या काळपट विटांच्या भिंती.

वास्तुविशारद सिगुर्ड लेवेरेंट्झ. जन्म १८८५चा, म्हणजे हे काम हाती आलं तेव्हा वय पंचाहत्तरीच्या पुढे. त्यांनी गवंड्यांना अट घातली: वीट तोडायची नाही. अद्धा नाही, पाऊण नाही. लावायची ती अख्खीच.

बांधकाम जवळून पाहिलेल्या माणसाला यातली मेख लगेच कळेल. भिंत कोपऱ्यावर वळते, खिडकीशी थांबते, छताला भिडते, तिथे विटेचं माप क्वचितच जुळतं. गवंडी थापीच्या घावानं वीट तोडतो आणि पुढचा थर धरतो. इथे ती सोयच नव्हती. मग सगळी तडजोड दर्जांनी, म्हणजे दोन विटांमधल्या मसाल्याच्या सांध्यांनी केली. भिंतीच्या जवळ जाऊन पाहा: एक दर्ज जेमतेम बोटाएवढी, तर शेजारची तिच्याहून कितीतरी रुंद. काही ठिकाणी विटेइतकाच मसाला दिसतो. गिलाव्याचा आडपडदा नसल्यामुळे गवंड्याचा प्रत्येक निर्णय उघडा आहे, आणि या इमारतीचं खरं सौंदर्य मला त्यातच दिसतं.

आत अंधार आहे. डोळे सरावले की कळतं, जमीन विटांची, वेदी विटांची, डोक्यावरच्या कमानीही विटांच्याच. त्या कमानींचा भार पेलणारा पोलादी खांब वर आडव्या तुळईला भिडतो आणि आपसूक क्रूस उभा राहतो. दालन चौरस आहे. भाविकांनी लांबलचक रांगांत न बसता वेदीभोवती जमावं, हा त्यामागचा विचार. जमीनही वेदीकडे हळूच उतरती.

बाप्तिस्म्याची जागा तर आवर्जून पाहावी. भला मोठा शिंपला, त्यातून थेंब थेंब गळणारं पाणी, आणि खाली जमिनीच्या विटा किंचित फुगून मधे फट पडलेली. पाणी त्या फटीत उतरतं.

खिडक्यांना चौकटच नाही. काच बाहेरच्या बाजूनं भिंतीवर टेकवून धातूच्या पकडींनी धरलीय, कडा पुट्टीसारख्या मसाल्यानं बुजवल्यात. त्यामुळे आतून काच जाणवत नाही. भिंतीत नुसतं भोक आहे आणि पलीकडे झाडं, असंच वाटतं. काचेच्या मापासाठीही वीट तोडावी लागली नाही.