मुसळाची सावली

नमस्कार श्रोतेहो,

आमचं गाव वर्धा जिल्ह्यातलं, कापसाचं. माझ्या मायने शाळा पाहिली नव्हती, पण वेचणीच्या दिवसांत काट्यावर किती किलो कापूस भरला नि मजुरी किती झाली, हे ती पावकी-निमकीच्या आधारे तोंडीच सांगायची. मला गणित लागलं ते मात्र आजीच्या मुसळामुळे.

1974 चा मे. मी नऊ वर्षांचा. आजी ओसरीवरच्या सावलीवरून वेळ सांगायची, तर आपणही सावली मोजावी म्हणून मी आंगणात खड्डा करून मुसळ उभं केलं. शेजारच्या गवंडीकाकांनी ओळंबा लावून ते सरळ करून दिलं. दुपारच्या सावलीचं टोक रोज कोळशाने खुणावायचं. सावली उत्तरेकडून रोज थोडी आखडत होती. आजी ओरडायची, "कावून रे पोट्ट्या, भर उन्हात का करून रायला? लू लागन ना!"

24 तारखेच्या सुमारास सावली गडपच झाली. पण बारा वाजता नाही! रेडिओवर बारा वाजले तेव्हा मुसळाच्या पश्चिमेला तीन-चार बोटं सावली शिल्लक होती. ती नाहीशी व्हायला बारा वाजून बारा-तेरा मिनिटं झाली. आणखी दोन दिवस बसलो, वेळ तीच. शाळा उघडल्यावर गुरुजींना विचारलं. "घड्याळ बिघडलं असेल, बस खाली." आजीला विचारलं तर ती म्हणाली, "सूर्य कुठी चुकते बावा?"

उत्तर मिळालं नाही, हे माझं भाग्यच म्हणायचं. जयंत नारळीकरांच्या बनारसच्या घरी त्यांचे मामा फळ्यावर एक गणित लिहून ठेवत, आणि ते सुटेपर्यंत, नाहीतर भाचा हार मानेपर्यंत, पुसत नसत. आमच्या घरी फळा नव्हता. आंगणातल्या कोळशाच्या खुणा तर पहिल्याच सड्याला गेल्या. पण ती बारा मिनिटं काही पुसली गेली नाहीत.

नववीत भूगोलात सापडलं, की आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे. आपण साधारण साडेअठ्ठ्याहत्तरवर. फरक 4 अंशांचा, अंशाला 4 मिनिटं, झाली 16. मी वर्गातच उडालो! मग लक्षात आलं, की माझी तर बारा-तेराच होती. उरलेली तीन-चार मिनिटं कुठं गेली?

ती बी.एस्सी.ला सापडली. पृथ्वीची कक्षा लांबट आणि आस कललेला, म्हणून सूर्य वर्षभर घड्याळाच्या मागेपुढे होत राहतो. मेच्या अखेरीस तो तीनेक मिनिटं पुढे असतो. हिशेब जुळला त्या रात्री मला झोप नव्हती. पदवीपेक्षा मला तोच आनंद मोठा वाटतो, खरं सांगतो.

तुमच्याकडेही हा सावली गडप होण्याचा दिवस येतो. वर्ध्याला 24 मेच्या आसपास, नागपूरला त्यानंतर एक-दोन दिवसांनी. जुलैत तो पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ असतं. पोरांना डोक्याला दुपट्टा बांधून बसवा, आणि वेळ मात्र त्यांनाच लिहू द्या.

सुट्टीत गावी गेलो तेव्हा आजीला सगळं समजावलं, मिर्झापूर, रेखांश, कक्षा. ती तांदूळ निवडत होती. सुपातून मान वर न करता म्हणाली, "मंग मी का म्हणत होती? घडी मिर्झापूरची, ऊन आपलं."