दहा लेखकांची भीती

श्रोतेहो, नमस्कार. भयकथांचा संग्रह हाती आला की मी आधी अनुक्रमणिका बघतो. सगळ्या गोष्टी एकाच लेखकाच्या असतील तर पुस्तक खुशाल उशाशी ठेवतो. दहा गोष्टींपुढे दहा नावं दिसली, तर मात्र जरा सावरून बसतो.

एकच लेखक सलग वाचला की तिसऱ्या-चौथ्या गोष्टीपर्यंत त्याचा हात ओळखू येतो. भूत खरंच आहे की मनाचे खेळ, शेवटी कुणी वाचणार की नाही, याचे अंदाज बांधता येतात. नारायण धारपांकडे (१९२५-२००८) बाहेरची अमानवी शक्ती बहुधा खरीखुरी असते, पण तिच्याशी दोन हात करणारंही कुणी असतं. त्यांचा नायक समर्थ आला की वाचकाच्या जिवात जीव येतो. रत्नाकर मतकरींकडे (१९३८-२०२०) असा भरवसा नाही. तिथे धोका पुष्कळदा चारचौघांसारख्या घरात, माणसाच्या पोटातच दडलेला. दोघांचीही सवय होते. पण एकाच पुस्तकात एकामागे दुसरा आला, की आधीच्या गोष्टीत कमावलेला शहाणपणा पुढच्या गोष्टीत कामाला येत नाही.

समजा, नाशकात गोदेचा पूर ओसरतोय. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याखाली पाणी उतरलंय आणि भांडी बाजारात दुकानदार गाळ उपसताहेत. एक भांडीवाला कुलूप काढून शटर वर करतो. आत फरशीवर चिखलाचा पातळ थर, आणि त्यात लहान पोराच्या पावलांचे ठसे. दारातून आत गेलेले. परतीचे नाहीत.

एक लेखक इथून थेट १९६९च्या महापुरात शिरेल आणि वाहून गेलेलं पोर शोधून आणेल. दुसरा भांडीवाल्याच्या कर्जाकडे वळेल. ठसे त्याला एकट्यालाच दिसतात, बायकोला फरशी कोरडी ठणठणीत दिसते. तिसऱ्याच्या गोष्टीत भांडीवाला मुकाट्याने बादली आणतो, ठसे पुसतो, माळ्यावर दुधाचा पेला ठेवतो आणि गिऱ्हाईक आलं की पातेलं वाजवून दाखवतो. खुलासा शून्य. माझी झोप उडवतो तो हा तिसरा.

अशाच सरमिसळ संग्रहातून एक जगप्रसिद्ध कादंबरी निघाली, हे अनेकांना ठाऊक असेल. १८१५ साली इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्याची राख आणि वायू वातावरणात इतके पसरले, की १८१६ साली युरोपात उन्हाळा असा झालाच नाही. जिनिव्हा सरोवराकाठी कवी बायरनच्या बंगल्यावर जमलेली मंडळी पावसाने अडकून पडली. करायचं काय? जर्मन भुताखेतांच्या गोष्टींचं एक फ्रेंच भाषांतर हाताशी होतं, ते वाचत बसली. मग बायरनने टूम काढली, आपण प्रत्येकाने एकेक गोष्ट लिहू. अठरा वर्षांच्या मेरी शेलीने जे सुरू केलं ते १८१८ साली ‘फ्रँकेनस्टाइन’ म्हणून छापून आलं. बायरनच्या डॉक्टरने, पॉलिडोरीने, रक्तपिपासू उमरावाची कथा लिहिली. खुद्द बायरनची गोष्ट मात्र अर्धवट राहिली. टूम काढणाऱ्यांचं बहुधा असंच होतं.

आपल्याकडे हे काम दिवाळी अंकांनी केलं. १९०९च्या ‘मनोरंजन’पासून ही परंपरा धरतात. पुढे अनंत अंतरकरांच्या ‘नवल’ने तर गूढ आणि भयाला हक्काची जागा दिली. फराळाच्या ताटाशेजारी वेगवेगळ्या हातांच्या गोष्टी एकदम मिळायच्या. आपल्या नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, म्हणजे सावाना, १८४० सालचं. भयकथा हव्यात म्हणून अशा जुन्या वाचनालयात विचारायला लाजू नका. मागणाऱ्याकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात, तेवढं सोसायचं.

वाचायचं कसं, तर एका रात्री एकच. कथा एका बैठकीत संपावी, असं अमेरिकन कथाकार एडगर अॅलन पो १८४२ सालीच लिहून गेला. अर्धी गोष्ट वाचून उठलं, फोन घेतला, दूध तापवलं, की चढत आलेला ताण गेलाच. पण सलग चार गोष्टी रेटणंही तितकंच वाईट. चौथ्या गोष्टीतलं भूत बिचारं तिसरीच्या उष्ट्यावर जगतं. संपादकाने लावलेला क्रम मी पहिल्या वाचनात मोडत नाही. शांत गोष्टीनंतर भडक, लांब गोष्टीनंतर आखूड, यामागे त्याचंही काही डोकं चाललेलं असतं. दोन-तीन गोष्टी फसलेल्या निघतातच. पहिल्याच पानावर रक्ताचे पाट वाहू लागले, की मी सरळ पुढच्या लेखकाकडे जातो. घरात कुणी ऐकणारं असेल तर मोठ्याने वाचा, म्हणजे पोकळ वाक्यं लगेच उघडी पडतात.

आणि हो, बायरनसारखी मीही टूम काढतो. भांडीवाल्याची ती गोष्ट कुणाच्या मालकीची नाही. तिसऱ्याहून वेगळा, चौथा शेवट सुचला तर लिहून काढा. माझी अर्धवट राहणार, हे ठरलेलंच आहे. नमस्कार.