विंग कमांडर ते कॅप्टन : नागपूरचे दीपक साठे

नागपूरच्या साठ्यांचं घर म्हणजे फौजी घर. वडील वसंत साठे, कर्नल म्हणून रिटायर झालेले. मोठा मुलगा विकास आर्मीत, तो १९८१ साली फिरोजपूरला अपघातात गेला. आणि त्याच वर्षी जूनमधे धाकटा दीपक हैदराबादजवळच्या दुंडीगलच्या एअर फोर्स अकॅडमीतून पास आऊट झाला, तोही सर्वोत्तम कॅडेटला मिळणारी स्वोर्ड ऑफ ऑनर घेऊन. नीलाताई साठे, या दोघांची आई. एकाच वर्षात त्यांच्या वाट्याला हे दोन्ही आलं.

दीपक साठे खडकवासल्याच्या एनडीएचे, म्हणजे नॅशनल डिफेन्स अकॅडमीचे, ५८ वा कोर्स. मग फायटर पायलट, आणि पुढे त्याहून अवघड काम, विमानं बनवणाऱ्या सरकारी एचएएल कंपनीत टेस्ट पायलट. टेस्ट पायलट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर थरारच येतो, पण खरं काम वेगळं असतं. विमान मुद्दाम त्याच्या मर्यादेपर्यंत न्यायचं, कुठे थरथरतंय कुठे ऐकत नाहीये ते अंगाला कळलं पाहिजे, आणि खाली उतरलं की जे झालं ते जसंच्या तसं लिहून काढायचं, कुणाला आवडो न आवडो, कारण त्या कागदावर पुढच्या पायलटचा जीव असतो.

२००३ ला, २२ वर्षांच्या नोकरीनंतर त्यांनी एअर फोर्स सोडली. मग एअर इंडिया, पुढे एअर इंडिया एक्सप्रेसचं बोइंग ७३७. फायटरमधून इथे येणं म्हणजे नुसतं विमान बदलणं नाही हो. एका सीटच्या फायटरमधे निर्णय तुमचा एकट्याचा. इथे शेजारी को-पायलट, चेकलिस्ट एकाने वाचायची दुसऱ्याने उत्तर द्यायचं, आणि मागे दीड-दोनशे माणसं.

२०२० ला कोरोनात परदेशात अडकलेल्यांना आणायला मे महिन्यात वंदे भारत मिशन सुरू झालं, त्यात साठेही उडत होते. आणि आईला मात्र फोनवर बजावत होते, तू अजिबात बाहेर पडू नकोस, तुला काही झालं तर सगळ्यात जास्त त्रास मला होईल.

७ ऑगस्ट २०२०. दुबई ते कोझिकोड, विमानात १९० माणसं, त्यात १० लहानगी बाळं. संध्याकाळी कोझिकोडला धो धो पाऊस. ही धावपट्टी टेबलटॉप, म्हणजे डोंगर सपाट करून बांधलेली, संपली की खाली थेट दरी. पहिल्या अ‍ॅप्रोचला, म्हणजे उतरायला धावपट्टीकडे येताना, कॅप्टनच्या बाजूचा वायपर काही सेकंद चालला आणि बंद पडला. ते वर गेले, दुसऱ्या बाजूने आले, आता वारा पाठीमागून. विमान टेकलं तेव्हा जवळजवळ अर्धी धावपट्टी मागे गेली होती, ओल्या पट्टीवर उरलेल्या अंतरात ते थांबलं नाही, खाली कोसळलं आणि तुकडे झाले. २१ जण गेले, त्यात स्वतः साठे आणि को-पायलट अखिलेश कुमार. आग लागली नाही. विमानतळाजवळच्या कोंडोट्टीचे लोक कोरोनाची पर्वा न करता पावसात धावले, मिळेल त्या गाडीत घालून जखमींना हॉस्पिटलला नेलं, आणि त्याच रात्री रक्त द्यायला रांगा लागल्या.

नंतर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलं की चाकं उघडत नव्हती, त्यांनी तीन घिरट्या घालून इंधन संपवलं. असं काही झालं नव्हतं. २०२१ चा चौकशी अहवाल म्हणतो की अ‍ॅप्रोच स्थिर नव्हता, को-पायलटने गो अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर चला, असं म्हटलं होतं, तरी लँडिंग सोडलं नाही, हेच संभाव्य कारण. त्याच अहवालात हेही आहे की कोझिकोडच्या बेसला कॅप्टन कमी होते, दुसऱ्या दिवशी सकाळची फ्लाइट त्यांनाच न्यायची होती, आणि व्यवस्थेतल्या चुकांकडे डोळेझाक करता येणार नाही. वाचताना मला फार जड गेलं. पण ज्या माणसाने आयुष्यभर विमानाबद्दल खरं तेच लिहून दिलं, त्याच्या शेवटच्या फ्लाइटबद्दल आपण खोट्या गोष्टी का फॉरवर्ड करायच्या? त्यांना त्याची गरज नाही.

मुंबईत शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. पत्रकार नागपूरला नीलाताईंकडे गेले तेव्हा त्या मेडलांबद्दल बोलल्या नाहीत फारशा, त्या सांगत होत्या की अहमदाबादला पूर आला तेव्हा माझ्या दीपकने जवानांच्या मुलांना खांद्यावर बसवून बाहेर काढलं होतं. त्या दिवशी, अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, ८ ऑगस्टला, नीलाताईंचा वाढदिवस होता.