यमाला बांधणारा राजा आणि पूर्वभागातला रॅप

हा नारळी पौर्णिमेचा रथ, मार्कंडेय महामुनींचा. सोलापुरात तेलुगू बोलणारा विणकरांचा पद्मशाली समाज दरवर्षी काढतो, त्या दिवशी शहराच्या पूर्वभागात पाय ठेवायला जागा नसते. गोष्ट सगळ्यांना पाठ, सोळाव्या वर्षी मरण ठरलेलं पोरगं पिंडीला मिठी मारून बसलं, यमानं पाश टाकला आणि महादेवानं यमालाच लाथ घातली.

आता गर्दीतला हा टोपीवाला बघा. टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करतो, बाकी वेळ रॅप. याला कुठनं तरी सिसिफस सापडला. ग्रीकांच्या गोष्टीतला कोरिंथचा राजा, लई बिलंदर, मृत्यू न्यायला आला तर त्यालाच साखळदंडात बांधलं, मग जगात कोण मरेचना! शेवटी देवांनी शिक्षा दिली, शिळा डोंगरावर ढकलायची, ती खाली येणार, परत ढकलायची, कायमचं. १९४२ मध्ये फ्रेंच लेखक अल्बेर कामूनं यावर पुस्तक लिहिलं. त्याच्या आवडीचा सिसिफस कुठला, तर शिळा घरंगळल्यावर तिच्यामागं खाली उतरणारा, कारण तेव्हा त्याला सगळं कळत असतं.

उतरायची वेळ इथं पण येते, बघा. ताण्याचा धागा तुटला, माग थांबला, याची बोटं गाठ मारतायत आणि तेवढ्यात तोंडानं ओळ जुळतीये. बीटसुद्धा मागाचीच, धोट्याचा आवाज मोबाईलवर घेऊन लूप केलाय, वर हलगी.

"एकानं यमाला बांधलं, एकाला यमानं,
आपल्याला बांधलं बे उचलीच्या रकमेनं."

उचल म्हणजे मालकाकडनं आधीच घेतलेले पैसे, त्यावर मालक लोक कॅमेऱ्यासमोर बोलले नाहीत, पुढं जाऊ.

बाहेर पुस्तकांवर, पुराणकथांवर गाणी करणं जुनंच आहे. इंग्लंडच्या द क्युअर या बँडचं पहिलं सिंगल १९७८ मध्ये कामूच्याच कादंबरीवरून आलं, आयर्न मेडन बँडनं १९८३ मध्ये इकारस गायला, ग्रीकांच्याच गोष्टीतला, मेणाचे पंख लावून सूर्याजवळ उडालेला. त्यांना अभ्यासू म्हणायचं आणि आपल्या पोरांना टपोरी, असो.

भांडण या पोरांच्या रॅपच्या शेवटच्या ओळीवरून आहे. कामू म्हणतो, सिसिफस सुखी आहे असंच समजा. टोपीवाल्याचा रॅपमधला जोडीदार म्हणतो, "त्या कामूनं कधी रात्रपाळी केली का बे?" तसा कामू पण अल्जेरियात गरिबीत वाढलेला, आई लोकांच्या घरी साफसफाई करायची, पण हे सांगून पण जोडीदार ऐकेना. ती ओळ अडकलीये. दुसरं कडवं तेलुगूत आहे, त्याचं रेकॉर्डिंग झालंय, तेच लावतो, आवाज वाढवा.