हद्दीपलीकडची जुनी गाडी

श्रोतेहो, नमस्कार. एमएच ०९ पासिंगची गाडी बेळगावात विकली जाते, केए २२ ची कोल्हापुरात येते. अंतर दोन-अडीच तासांचं, पण मध्ये राज्याची हद्द आहे आणि तिथे कागद बदलतात.

कोल्हापूरची गाडी सांगलीला विकली, तर नंबर तोच राहतो आणि रोड टॅक्स पुन्हा भरावा लागत नाही. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या होतात. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आरटीओला कळवायचं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत गाडी नावावर करून घ्यायची.

तीच गाडी बेळगावला गेली की फॉर्म २८ ची एनओसी, म्हणजे आरटीओचा ना-हरकत दाखला, लागते आणि विकणाऱ्याची कळवायची मुदत ४५ दिवसांची होते. एनओसी अडते ती बहुतेक वेळा दोन कारणांनी. एक म्हणजे थकलेली ई-चलानं. दुसरं, कर्ज फिटलेलं असतं, पण आरसीवरचा, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचा, कर्जाचा बोजा उतरवलेला नसतो. बँकेचं पत्र नुसतं घरात ठेवून भागत नाही. फॉर्म ३५ भरून आरटीओत बोजा काढावा लागतो. हे काम गिऱ्हाईक शोधण्याआधी उरका. एनओसीच्या अर्जाला चासी नंबरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबरचा, कागदावर पेन्सिल घासून काढलेला प्रिंट जोडतात. तो पुसट निघाला तर फेरी वाया जाते, म्हणून नंबरवरचा गंज आणि ग्रीस आधी पुसून घ्या.

आता खर्चाचं बोलू. दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला महाराष्ट्रात ११ टक्के कर आहे. कर्नाटकात पाच ते दहा लाखांच्या गाडीला १४ टक्के, वर उपकर. जुन्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होतो, पण धरला जातो गाडीच्या मूळ किमतीवर, तुमच्या सौद्याच्या रकमेवर नाही. स्वस्तात मिळाली म्हणून आणलेली गाडी इथेच महाग पडते. महाराष्ट्रात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो. त्यासाठी नव्या राज्यातल्या नोंदणीचा पुरावा लागतो आणि तो असतो घेणाऱ्याकडे. तेव्हा त्याची प्रत कधी मिळणार, हे सौद्याच्या कागदावरच लिहून घ्या.

जुना नंबर ठेवून बेळगावात फिरवू म्हणाल, तर कायद्यानं १२ महिन्यांपर्यंतच चालतं.

गाडी डीलरला देत असाल, तर त्याचं अधिकारपत्र मागा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला त्याच्या भागातल्या आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते पाच वर्षं चालतं. गाडी ताब्यात देताना फॉर्म २९सी परिवहन खात्याच्या पोर्टलवर भरला जातो आणि तिथून जबाबदारी डीलरवर जाते. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून किल्ली देऊ नका. गाडी चार हातांतून फिरते आणि अपघात झाला की नोटीस आरसीवरच्या नावानं येते. नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केलं. मधल्या खरेदीदारांच्या पावत्या दाखवूनही भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच राहिली.

विम्याची मुदत वेगळी आहे. घेणाऱ्यानं १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्यावी. आरसीचं काम लांबलं तरी हा अर्ज थांबवू नका.

नमस्कार.